फेरीवाला धोरण बदलतंय म्हणजे नेमकं काय बदलतंय?

महापालिका फेरीवाला धोरणाचा फेरआढावा घेणार, अशी बातमी आली की तिच्यामागून ठरावीक शब्दांची वरात येते. पथविक्रेता समिती, ना-फेरीवाला क्षेत्र, सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र. वाचणाऱ्याच्या हाती एवढंच लागतं की कुणालातरी उठवणार आहेत किंवा कुणालातरी बसवणार आहेत. आठवडाभर अतिक्रमणाची गाडी फिरते, हातगाड्या टेंपोत चढतात आणि पुढच्या सोमवारी सगळं जिथल्या तिथे. दुकानदार विचारतो, कायदा आहे कुठे? फेरीवालाही तेच विचारतो.

कायदा आहे आणि चांगला सविस्तर आहे. संसदेने केलेला पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम १ मे २०१४ पासून लागू झाला. महाराष्ट्राने त्याखालचे नियम २०१६ मध्ये आणि योजना २०१७ मध्ये आणली. या कायद्यात कामांचा एक क्रम ठरवून दिलेला आहे. आपल्या शहरांमधला बहुतेक घोळ हा क्रम उलटा लावल्यामुळे होतो.

पथविक्रेता कोण?

सरकारी कागदावर पथविक्रेता, बोलण्यात फेरीवाला, पुण्यात पथारीवाला. कायद्याची व्याख्या मोठी आहे: रस्ता, गल्ली, फूटपाथ, बाग किंवा अशाच सार्वजनिक जागी, तात्पुरत्या मांडणीतून किंवा फिरत फिरत, रोजच्या वापराचा माल विकणारा किंवा लोकांना सेवा देणारा माणूस. म्हणजे भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई यात येते, तसा चांभारही येतो. एका जागी बसणारा आणि गल्लोगल्ली फिरणारा असे दोन मुख्य प्रकार मानलेले आहेत.

एक जागा मात्र पूर्णपणे बाहेर आहे. रेल्वेची जमीन, स्थानकं आणि गाड्या यांना हा कायदा लागू नाही. त्यामुळे फलाटावरचा विक्रेता आणि स्थानकाच्या दारातून बाहेर पडल्यावर महापालिकेच्या रस्त्यावर बसलेला विक्रेता यांच्यात चार पावलांचं अंतर असलं, तरी दोघांची कायदेशीर स्थिती अगदी वेगळी असते.

आधी पानं मोजा, मग पंगत मांडा

कार्यालयात पंगत बसवायची तर आधी माणसं किती ते मोजतात, मग किती पाट बसतील ते बघतात, उरलेल्यांना दुसऱ्या पंगतीला बोलावतात. कुणी आधीच ठरवलं की पन्नासच पानं मांडायची आणि दारात दोनशे माणसं उभी राहिली, तर भांडण होणारच.

कायद्याचा क्रम असाच आहे. पहिलं काम, समिती. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते. महापालिकेत तिचे अध्यक्ष आयुक्त असतात. निदान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी मतदान करून निवडलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांना निदान १० टक्के जागा. बाकी वाहतूक पोलीस, नियोजन विभाग, आरोग्य अधिकारी, व्यापारी संघटना, रहिवासी संघ, बँका.

दुसरं काम, सर्वेक्षण. शहरातल्या सगळ्या विद्यमान फेरीवाल्यांची मोजणी करायची आणि ती दर ५ वर्षांतून निदान एकदा. तिसरं, मोजणीत सापडलेल्यांना विक्री प्रमाणपत्र. चौथं, पथविक्रीचा आराखडा: कुठे बसता येईल, कुठे ठरावीक वेळीच, कुठे अजिबात नाही. तोही दर ५ वर्षांनी नवा.

या क्रमाला कायद्याने एक कडी लावून ठेवली आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही (कलम ३, पोटकलम ३). आणि सर्वेक्षण व आराखडा होईपर्यंत कोणतंही क्षेत्र ना-फेरीवाला म्हणून जाहीर करायचं नाही (पहिली अनुसूची). बातमीत 'अमुक ५० रस्ते ना-फेरीवाला' असं वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: मोजणी कधी झाली?

अडचण अशी, की समितीवर फेरीवाल्यांनी प्रतिनिधी निवडायचे, तर आधी मतदार यादी हवी. यादी सर्वेक्षणातून येणार. आणि सर्वेक्षण समितीने करायचं! आधी कोंबडी की आधी अंडं, यातच कित्येक शहरांची वर्षं गेली.

अडीच टक्के हा आकडा कुठून येतो

सर्वेक्षणात सापडलेल्या सगळ्यांना सामावून घ्या, पण प्रभाग, विभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत, असं कायदा म्हणतो. मुंबईची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. अडीच टक्के म्हणजे ३ लाख १० हजारांच्या आसपास.

हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण अडीच टक्के ही वरची मर्यादा आहे, भरून काढायचं उद्दिष्ट नाही. बसमध्ये 'आसन क्षमता ४४' लिहिलेलं असतं म्हणून रोज ४४ जणांना पकडून आणत नाहीत, तसंच.

प्रत्यक्षात मुंबईत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे १ लाख २८ हजार अर्ज वाटले गेले. भरून परत आले ९९ हजारांहून थोडे अधिक. छाननीत कागदपत्रांच्या, विशेषतः अधिवासाच्या दाखल्याच्या, अटीवर बहुतेक गळले. समितीची निवडणूक झाली २९ ऑगस्ट २०२४ रोजी आणि तिच्या मतदार यादीत नावं होती साधारण ३२ हजार. मोजणी आणि मतदान यांच्यात १० वर्षं. एवढ्या काळात मूळ जागा सोडून गेलेले, मरण पावलेले, नव्याने आलेले किती असतील याचा अंदाज करा. मग यादीबाहेरचा प्रत्येक जण 'अनधिकृत' ठरतो. त्यांतले खरोखर काल आलेले किती आणि २० वर्षं तिथेच बसूनही कागदाअभावी गळलेले किती, हे कारवाई करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही सांगता येत नाही.

शंभर मीटरच्या रस्त्यावर किती जण मावतील?

एखाद्या क्षेत्रात जास्तीत जास्त किती फेरीवाले बसू शकतील, त्या संख्येला कायद्यात धारणक्षमता म्हणतात. ती समितीच्या शिफारशीने ठरते. शब्द जड आहे, पण हिशोब टेप घेऊन कुणालाही करता येतो.

आधी रुंदी. भारतीय रस्ते काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी अभियंत्यांची संस्था, तिच्या पादचारी सुविधांच्या मानकांनुसार (२०१२) चालायला निदान १.८ मीटर मोकळी पट्टी हवी. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील एवढी. झाडं, विजेचे खांब आणि कडेचा दगड यांना साधारण अर्धा ते पाऊण मीटर जातो, ०.६ धरू. फेरीवाल्याची जागा १ मीटर बाय १ मीटर. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या प्रकरणात २००३ मध्ये हेच माप दिलं होतं. बेरीज झाली ३.४ मीटर. साडेतीन मीटरचा फूटपाथ असेल तर नकाशावर सगळं बसलं.

पण ग्राहक कुठे उभा राहणार? नकाशे इथेच फसतात. टोमॅटो निवडायला वाकलेला माणूस ०.६ मीटर तरी अडवतो आणि ते ०.६ मीटर चालायच्या पट्टीतून जातात. म्हणून खरी गरज ४ मीटरची. फूटपाथ त्याहून अरुंद असेल तर चौकोन रंगवून उपयोग नाही. फेरीवाला तेवढ्यातच बसेल, पण चालणारा रस्त्यावर उतरेल. अशा ठिकाणी बाजूच्या वाहनतळातली एक पट्टी द्यायची, किंवा जागा वेळेवर वाटायची.

आता लांबी. शंभर मीटरमध्ये सोसायट्यांची तीन फाटकं, प्रत्येकी ४ मीटर, गेले १२. बसथांबा १५. कोपऱ्यावर वळणाऱ्या गाड्यांना समोरचं दिसावं म्हणून १०. अग्निशमनाचा नळ, विजेची पेटी वगैरेला ३. उरले ६०. दर दहा जागांनंतर लोकांना आरपार जायला दीड मीटरची वाट, अशा तीन वाटा सोडल्या की ५५.५. प्रत्येक जागा १ मीटर आणि शेजाऱ्यापासून अर्धा मीटर सोडला तर ३७ जागा.

सर्वेक्षणात या रस्त्यावर ६० जण सापडले असतील तर? कायदा म्हणतो, चिठ्ठ्या टाका. ३७ जणांना इथलं प्रमाणपत्र, उरलेल्या २३ जणांना लगतच्या क्षेत्रात जागा. त्यांना 'अपात्र' म्हणून घरी पाठवता येत नाही. 'लगतच्या' हा शब्दही महत्त्वाचा. गिऱ्हाईक ओळखीचं असतं, ते दोन गल्ल्या चालेल, दोन किलोमीटर चालणार नाही.

वेळेची वाटणी हा माझ्या मते सर्वांत कमी वापरला गेलेला उपाय आहे. सकाळी भाजी, दुपारी रिकामं, संध्याकाळी खाद्यपदार्थ. एकाच मीटरवर दोघांचं पोट भरतं. अट एकच: आपली वेळ संपली की रोज माल आणि मांडणी उचलायची, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. फसतं कुठे? सकाळचा विक्रेता हातगाडीला साखळी लावून तिथेच ठेवतो, कारण ती न्यायची कुठे हा प्रश्न कुणी सोडवलेला नसतो. रात्रीची गाडी ठेवायला जागा नसेल, तर वेळेची वाटणी कागदावरच राहते.

ना-फेरीवाला क्षेत्र: गर्दी हे कारण चालत नाही

आराखड्यात तीन प्रकारची क्षेत्रं असतात. निर्बंधमुक्त, निर्बंधित (ठरावीक वेळ, ठरावीक माल किंवा ठरावीक संख्या) आणि ना-फेरीवाला. तिसऱ्या प्रकारावर कायद्याने बरीच बंधनं घातली आहेत, आणि ती वाचून बहुतेक लोकांना आश्चर्य वाटतं.

आधीपासून चालू असलेला बाजार किंवा सर्वेक्षणात नोंदवलेला 'नैसर्गिक बाजार' ना-फेरीवाला करता येत नाही. नैसर्गिक बाजार म्हणजे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं आपोआप जमत आलेली जागा: देवळाचा रस्ता, रुग्णालयासमोरचा फळवाल्यांचा कोपरा, एसटी स्टँडचं दार. गर्दी होते, एवढ्या कारणावरही क्षेत्र बंद करता येत नाही. फार तर नव्या माणसांना तिथलं प्रमाणपत्र नाकारता येतं. अस्वच्छतेचं कारणही तेव्हाच चालतं, जेव्हा घाण केवळ फेरीवाल्यांमुळेच होते आणि महापालिकेला ती आपल्या कामातून निस्तरता येत नाही. म्हणजे कचरापेटी न ठेवता 'इथे कचरा होतो' म्हणता येणार नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना तर वारसा बाजार म्हणून जाहीर करायचं आणि तिथल्या लोकांना हलवायचं नाही, असं दुसऱ्या अनुसूचीत आहे.

मग मुंबईत रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, धार्मिक स्थळं यांच्यापासून १०० मीटर ही अंतरं आली कुठून? ती कायद्यातली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशात ती होती. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, त्यानंतर त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. इथे दोन खऱ्या गरजा एकमेकींसमोर येतात. स्थानकाच्या तोंडाशी हजारो माणसांना अडथळ्याविना बाहेर पडता आलं पाहिजे, यात वाद नाही. आणि फेरीवाल्याचा धंदा नेमका त्याच माणसांवर चालतो. १५० मीटर ही सरळ रेषा आहे, जिना कुठे उतरतो आणि लोक कुठून जातात हे तिला कळत नाही. एखाद्या स्थानकात मागच्या बाजूला ८० मीटरवर प्रशस्त जागा मोकळी असते आणि पुढच्या बाजूला २०० मीटरवरही श्वास घ्यायला जागा नसते. चांगल्या आराखड्यात वर्तुळाबरोबर माणसांची वाटही काढलेली असते.

प्रमाणपत्र म्हणजे मालकी नव्हे

प्रमाणपत्र हातात आलं की जागा नावावर झाली, अशी समजूत दोन्ही बाजूंना असते. रेल्वेचं आरक्षण डोळ्यांसमोर आणा. बर्थ तुमची, पण प्रवासापुरती. ती विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही आणि तिच्याभोवती भिंत बांधता येत नाही. प्रमाणपत्र घेताना फेरीवाल्याला लिहून द्यावं लागतं: धंदा मी किंवा माझ्या घरातलं माणूस करेल, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, प्रमाणपत्र कुणाला हस्तांतरित करणार नाही.

ही अट महत्त्वाची का, ते न्यूयॉर्ककडे पाहून कळतं. तिथे खाद्यपदार्थांच्या गाड्यांच्या परवान्यांवर १९८३ मध्ये सुमारे ३ हजारांची मर्यादा घातली गेली. मागणी वाढत गेली, परवाने वाढले नाहीत. मग परवानाधारक घरी आणि गाडी चालवणारा दुसराच, तोही काळ्या बाजारात भाडं मोजून, असा धंदा फोफावला. आपल्याकडेही 'जागेचा मालक' आणि 'जागेवर बसणारा' वेगळे असतात, हे कुठल्याही मोठ्या बाजारात अर्धा तास उभं राहिलं की कळतं.

प्रमाणपत्राने दुसरीकडे संरक्षणही मिळतं. अटी पाळून धंदा करणाऱ्याला पोलीस किंवा इतर कुणी दुसऱ्या कायद्याचा आधार घेऊन अडवू शकत नाही (कलम २७). प्रमाणपत्र रद्द करायचं तर आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि नवी जागा मिळण्याचा हक्क असतो. नोटिशीनंतरही हलला नाही तर दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड, पण एकूण दंड मालाच्या किमतीहून जास्त नाही. प्रमाणपत्राविना धंदा केला तर २ हजार रुपयांपर्यंत दंड.

माल उचलला तर

रोजचा खरा तंटा इथे असतो, म्हणून नीट पाहू. नोटिशीची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर माल जप्त करता येतो. पण जप्तीची यादी करायची आणि तिची प्रत फेरीवाल्याला द्यायची. ठरलेलं शुल्क भरून माल मागितला की न टिकणारा माल, म्हणजे भाजी, फळं, मासळी, त्याच दिवशी परत. बाकीचा माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत.

प्रत्यक्षात चुकतं ते यादीवर. टेंपोत घाईने भरलेल्या मालाची यादी कोण करणार? यादी नसेल तर गोदामात काय पोचलं आणि वाटेत काय गळलं हे सिद्ध होत नाही, आणि फेरीवाला भांडण्यापेक्षा नवा माल भरतो. म्हणून जाणकार फेरीवाले दुकान मांडून झालं की रोज मोबाईलवर एक फोटो काढून ठेवतात. मांडणी, वजनकाटा, क्रेटची संख्या, सगळं दिसेल असा. दंडाची पावती फाडून टाकायची नाही, जपून ठेवायची. 'मी इतकी वर्षं याच जागी बसतो' हे सांगायला महापालिकेने स्वतःच लावलेल्या दंडाइतका चांगला पुरावा कुठला!

तक्रार कुठे करायची? कायद्यात तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. तिचे अध्यक्ष माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी असावे लागतात, म्हणजे ज्या विभागाविरुद्ध तक्रार त्याच विभागाचा साहेब निकाल देणार, असं होऊ नये.

'पण फूटपाथ चालणाऱ्यांचा ना?'

हो. आणि चालणाऱ्यांना १.८ मीटर सोडल्याशिवाय तिथे कुणालाच बसवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात सांगितलं, की रस्त्यावर धंदा करणं हा संविधानाच्या कलम १९(१)(छ) मधला व्यवसायाचा हक्क आहे, पण त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि कुणालाही अमुक एक जागाच हवी असा हट्ट धरता येत नाही. २०१४ चा कायदा याच पायावर उभा आहे.

'ते भाडं देत नाहीत, दुकानदार देतो.' दुकानदाराची तक्रार रास्त आहे, विशेषतः त्याच्या दारासमोरच त्याचाच माल मांडला जातो तेव्हा. म्हणून आराखड्यात दुकानाची दारं मोकळी ठेवावी लागतात. पण फेरीवाला फुकट बसतो हे खरं नाही. प्रमाणपत्रधारकाने विक्री शुल्क आणि देखभाल खर्च द्यायचा असतो. प्रमाणपत्र नसलेलाही देतोच, फक्त त्याची पावती नसते.

'त्यांना इमारत बांधून द्या, तिथे बसू देत.' हा प्रयोग पुन्हा पुन्हा होतो आणि पुन्हा पुन्हा फसतो, वरच्या मजल्यावर तर हमखास. फेरीवाल्याकडची खरेदी वाटेवरची असते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी कुणी जिना चढत नाही. तळमजल्याचे गाळे चालतात, पहिल्या मजल्यावर गोदाम होतं आणि मूळ रस्त्यावर नवे विक्रेते येऊन बसतात.

'मग कारवाईच करायची नाही का?' करायची, पण मोजणी झाल्यावर. यादी पक्की असेल तर यादीबाहेरचा कोण हे एका नजरेत कळतं. यादीच नसेल तर प्रत्येक कारवाई सगळ्यांवर होते आणि म्हणून ती टिकत नाही.

कागदपत्रांचा आणखी एक उपयोग: जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेचं बिनतारण कर्ज. पहिला हप्ता आधी १० हजारांचा होता, २०२५ च्या सुधारणेनंतर १५ हजार, मग वेळेवर फेडल्यास २५ हजार आणि ५० हजार. प्रमाणपत्र नसलेल्यालाही महापालिकेच्या शिफारसपत्रावर ते मिळू शकतं.

गाणाऱ्याचं, खेळ करणाऱ्याचं काय?

कायदा इथे एकदम मुका होतो. २०१४ च्या कायद्यात माल आणि सेवा आहेत. सनई वाजवणारा, जादूगार किंवा तारेवर चालणारा डोंबारी 'सेवा' देतो का, हे कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. त्याच्या वाट्याला येतो तो १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा. त्यातल्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणं अशा कोणत्याही बहाण्याने सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा घेणं याला भीक म्हटलं आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये यातली मुख्य शिक्षेची कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो निकाल लागू होत नाही. याच कायद्यात एक झरोका आहे: कायद्याने किंवा ठरवून दिलेल्या रीतीने परवानगी दिलेली असेल तर ती भीक ठरत नाही. म्हणून शहराने कलाकारांना लेखी परवाना देणं ही नुसती सोय नाही. त्या एका कागदामुळे कलाकार आणि भिकारी यांच्यातली कायदेशीर रेघ आखली जाते.

पण फेरीवाल्यांचे नियम उचलून कलाकारांना लावले तर चालणार नाहीत. फेरीवाला एक मीटर अडवतो, दिवसभर. कलाकार स्वतः अर्धा मीटर अडवतो, पण त्याच्याभोवती जमलेले ४० जण, एका चौरस मीटरमध्ये अडीच माणसं या हिशोबाने, १६ चौरस मीटर व्यापतात. एवढी जागा फूटपाथवर नसतेच. त्याला चौक, बागेचं दार, नदीकाठ अशी जागा आणि तासाभराची पाळी द्यावी लागते.

दुसरा प्रश्न आवाजाचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, आणि दिवसाही तो लावायला लेखी परवानगी लागते. आता गणित करा. बॅटरीवरचा छोटा स्पीकर १ मीटरवर ८५ डेसिबल देतो असं धरू. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो: २ मीटरवर ७९, ४ वर ७३, ८ वर ६७, १६ वर ६१. म्हणजे व्यापारी रस्त्यावर समोरची खिडकी १६ मीटरवर असेल तर तो जेमतेम मर्यादेत बसतो, निवासी गल्लीत नाही. शिवाय दोन्हीकडे उंच इमारती असल्या की भिंतींवरून आवाज परततो आणि एवढा उतरत नाही.

आणि आवाज मर्यादेत असला तरी तेच गाणं दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या माणसाचं काय? लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये शेजारच्या कार्यालयाच्या तक्रारीवरून हे प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये तिथले प्रयोग स्थानिक कौन्सिलला थांबवावे लागले. परवाने होते, जागाही आखून दिलेल्या होत्या. एकाच जागी पाळीमागून पाळी चालू राहिली, तिथे गाडं अडलं. म्हणून नियम करताना कलाकाराची पाळी बदलायची तशी जागेलाही विश्रांती द्यायची: तासभर कार्यक्रम, पुढचा तास शांत.

दोन गोष्टींना मात्र कुठल्याही परवान्यात जागा नाही. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून बंद आहेत. आणि दोरीवर चालणारं मूल १४ वर्षांखालचं असेल तर ते बालमजुरीच्या कायद्याच्या कक्षेत येतं. बालकलाकारांना दिलेल्या सवलतीतून सर्कससुद्धा वगळलेली आहे.

मसुदा हाती आला तर

आराखडा किंवा उपविधींचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. 'फेरीवाले नकोत' किंवा 'फेरीवाल्यांना न्याय द्या' अशा पत्रांचा गठ्ठा होतो आणि तो बाजूला ठेवला जातो. मोजमाप असलेलं पत्र बाजूला ठेवणं अवघड जातं.

आपल्या एकाच रस्त्याचं पाहा. संध्याकाळी सहा ते आठच्या गर्दीत टेप घेऊन तीन ठिकाणी फूटपाथची रुंदी मोजा, खांब आणि झाडं वजा करून. किती जण बसतात, किती एका जागी आणि किती फिरते, ते मोजा. सकाळी परत जाऊन मोजा, कारण माणसं बदललेली असतात. फाटकं आणि बसथांबा यांची लांबी लिहा. मग मसुद्यात त्या रस्त्यासमोर लिहिलेली संख्या आपल्या हिशोबाशी ताडून बघा. मसुद्यात ८० आणि तुमच्या हिशोबात ३७ असतील तर चालणारा रस्त्यावर उतरणार. मसुद्यात शून्य आणि प्रत्यक्षात वर्षानुवर्षांचा बाजार असेल, तर पहिल्या अनुसूचीचा हवाला द्या आणि सर्वेक्षणाची तारीख विचारा. सोबत रात्री गाड्या कुठे ठेवणार, पाणी आणि कचरापेटी कुठे, स्त्री विक्रेत्यांना स्वच्छतागृह किती मीटरवर, हेही विचारा. दोन पानं, एक हाताने काढलेला नकाशा, चार फोटो. पत्राची पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आहे ना ते पाहा.